आतून कडी

“डिब्बा खोले बिना अंदर नहीं जाएगा, भैया,” मंगला वानखडेने टेम्पोवाल्याला तिसऱ्यांदा सांगितलं आणि नोंदवही पुढे ओढली.

टेम्पोवाला वैतागला होता. भोपाळजवळ मंडीदीपच्या त्या औषध कंपनीच्या गेटवर त्याचा पाऊण तास गेला होता. शेवटी चरफडत त्याने एका खोक्याची चिकटपट्टी फाडली. आत पिशव्यांत घड्या घातलेले दुपट्टे होते, सगळे एकाच रंगाचे. जांभळे. मंगलाने दुसरं खोकं उघडायला लावलं. त्यातही तेच.

तेवढ्यात ऑफिसच्या इमारतीतून स्वरदा किणीकर जवळजवळ धावतच आली. पुण्याची मुलगी, कंपनीत येऊन वर्षही झालं नव्हतं. कामगारांच्या रजा, तक्रारी, कार्यक्रम हे सगळं तिच्याकडे होतं. गेटवरची गार्डबाई मराठी बोलते हे कळल्यापासून येता-जाता थांबून दोन शब्द बोलायची. मंगलाला तेवढ्यानेही बरं वाटायचं.

“अहो मंगलाताई, माझंच आहे ते! सोडा त्यांना.”

“एन्ट्री करावी लागेल ना, मॅडम. काय लिहू?”

“लिहा, महिला दिनाचं साहित्य.” स्वरदाने एक दुपट्टा काढून मंगलाच्या खाकी शर्टावरून टाकला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. “बघा, किती छान दिसतं! आठ तारखेला रविवार येतोय, म्हणून आपण सातलाच करतोय. एकशे साठ जणी आणि एकच रंग. जांभळा हा बायकांच्या लढ्याचा रंग आहे ताई, जगभरात. पुरुषांना जांभळ्या फिती लावायच्या. जीएम साहेब तर जांभळं जॅकेट शिवून घेतायत.”

मंगलाने दुपट्टा काढला, नीट घडी घालून खोक्यात ठेवला.

“मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?”

स्वरदाचा चेहरा जरा उतरला. “पुढे पाठवलाय हो. पण गेटजवळ काही बांधायचं म्हणजे हेड ऑफिसची परवानगी लागते. मी मागे लागलेय.”

“बांधायचं काही नाही. नुसतं एक दार पाहिजे.”

“माहितीये मला, ताई. होईल,” स्वरदा म्हणाली आणि खोकी उचलायला माणसं बोलवायला गेली.

मंगला अकरा वर्षं त्या गेटवर होती. तिचे सासरे फार पूर्वी सरकारी कचेरीबरोबर अमरावतीकडून भोपाळला आले, आणि घर इथलंच झालं. नवरा वसंत एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. त्याचे गुडघे गेल्यावर मंगलाने ठेकेदाराकडे गार्डची नोकरी धरली. सकाळी मिसरोदहून कंपनीच्या बसने यायचं, आठ ते साडेपाच गेटवर काढायचे, आणि सुटी होताना बायकांची झडती घ्यायची. गोळ्यांच्या पट्ट्या कुणी बाहेर नेऊ नये म्हणून हा नियम. ऑफिसवाले आपल्या गाड्यांनी दुसऱ्या गेटने जात. त्यांना झडती नव्हती.

झडतीची जागा म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला पडदा. चौथी बाजू रस्त्याकडे होती आणि रस्त्यावर माल भरायला आलेले ट्रक तासन् तास उभे असत. दुपट्टा काढून टेबलावर ठेवायचा, हात आडवे करायचे, मंगलाने खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपायचं. एकशे साठ जणी, रोज. तिच्या हातांना नको तितकं कळत असे. कुणाला दिवस गेले आहेत हे सासूच्या आधी तिला समजे. कुणाच्या बरगडीला हात लागला की बाई श्वास आत ओढून घेई, आणि आदल्या रात्री घरात काय झालं असेल ते मंगलाला कळे. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. झडती घेताना ती समोरच्या बाईकडे बघतच नसे. तिच्या खांद्यावरून पत्र्याकडे बघत विचारी, “आज डब्यात काय होतं?” बाई भाजीचं नाव सांगे, तेवढ्यात काम होऊन जाई.

फेब्रुवारीच्या सुमारास तिकडे कोरडा वारा सुटतो. यंदा एका संध्याकाळी लाइनवरच्या पिंकीची झडती चालू असताना वाऱ्याने पडदा पार वर गेला. मंगलाने तो खाली ओढला, पण तोवर उशीर झाला होता. कुणा ड्रायव्हरने मोबाईल धरलेला होता. नऊ सेकंदांचं चित्रण. पिंकी हात पसरून उभी, अंगावर दुपट्टा नाही, आणि तिच्या कमरेवर दोन खाकी बाह्यांचे हात. वरून कुणीतरी सिनेमातलं उडतं गाणं चिकटवलं आणि ते पुढे पुढे जात राहिलं. चौथ्या दिवशी भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतल्या मोबाईलच्या दुकानात पिंकीच्या मोठ्या दिराला ते कुणीतरी हसत हसत दाखवलं.

पिंकी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. पट्ट्या पाकिटांत भरणाऱ्या लाइनवर तिचा हात सगळ्यांत चपळ होता. आठवड्याने तिचा नवरा अजिंक्य तिचं ओळखपत्र परत करायला आला. बॅटरीच्या दुकानात काम करणारा साधा माणूस. मंगलाच्या नजरेला नजर न देता म्हणाला, “मला काही नाही, काकी. पण दादा म्हणून राहिले की घरात राहायचं असेल तर ही बाहेर जाणार नाही. मी काय करू?”

“अरे, तिची काय चूक?”

“चूक कुणाचीच नाही,” अजिंक्य म्हणाला. ओळखपत्र टेबलावर ठेवून निघून गेला.

त्या रात्री मंगलाने ते चित्रण पहिल्यांदा स्वतः पाहिलं. चेहरा पिंकीचा होता. हात आपले होते. तिने वसंतला उठवलं नाही. सकाळी त्याच्यासमोर कागद ठेवून म्हणाली, “तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा.” वसंतने लिहिलं. झडतीच्या जागेला पक्कं दार असावं आणि दाराला आतून कडी असावी. दोनच ओळी. “अजून काही?” त्याने विचारलं. “अजून काही नाही,” ती म्हणाली.

दुपट्टे वाटले गेले त्या दिवशी डबा खाताना सुशीला मंगलाजवळ येऊन बसली. सुशीला लाइनवरची सगळ्यांत जुनी बाई, वीस वर्षं तिथेच असलेली. बोलायची हिंदीत. दुपट्टा तिने पिशवीतून काढून मांडीवर पसरला होता आणि त्याचे काठ बघत होती.

“काय करशील याचं?” मंगलाने जरा कडूपणानेच विचारलं.

“ओढूँगी, और क्या?” सुशीला म्हणाली. “कपड़ा अच्छा है.”

“पिंकी घरी बसली आणि आपल्याला दुपट्टे. तुला काही वाटत नाही?”

सुशीलाने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. “लगता है ना. पर मंगला, बीस साल में किसी ने मुझे बुला के हाथ में कुछ दिया नहीं. दरवाज़ा मिलेगा तब मिलेगा. ये तो आज मिला.”

मंगलाने डब्याचं झाकण लावलं. रागावायचं तरी कुणावर, हेच तिला कळेना.

सात तारखेला कॅन्टीन सजलं. जांभळे फुगे, जांभळे कागद, जेवणात श्रीखंडही कसलातरी रंग घालून जांभळं केलेलं. जीएम साहेब खरंच जांभळं जॅकेट घालून आले. शर्टाच्या खिशावर फिती लावलेले पुरुष मागे उभे होते, त्यांतले दोन-चार जण आपसांत काहीतरी बोलून हसत होते. साहेबांनी भाषणात सांगितलं की स्त्री ही शक्ती आहे, आणि आज आपण सगळ्यांनी हा रंग अंगावर घेऊन तिच्या पाठीशी उभं असल्याचं दाखवून दिलं आहे. टाळ्या झाल्या.

मग स्वरदाने माईक हातात घेतला. “आपल्या गेटवर अकरा वर्षं आपलं रक्षण करणाऱ्या मंगलाताईंनी दोन शब्द बोलावेत.”

मंगलाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या खाकी गणवेशावर जांभळा दुपट्टा पिनेने अडकवलेला होता. पुढे गेली. माईक हातात आला. समोर एकशे साठ जणी होत्या, आणि त्या सगळ्यांना मंगलाचे हात माहीत होते. साहेब हसून तिच्याकडे बघत होते. घरी वसंतचे गुडघे होते, औषधं होती.

“धन्यवाद,” ती म्हणाली आणि माईक परत दिला.

पुन्हा टाळ्या झाल्या. जागेवर येऊन बसल्यावर तिचे कान तापले. पिंकीचं नाव घ्यायला किती वेळ लागला असता?

साडेपाचला सुटीचा भोंगा झाला. सगळ्या जणींचा फोटो गेटबाहेर फलक धरून काढायचा, असं स्वरदाने ठरवलं होतं. त्यासाठी ती कॅमेरावाल्याला घेऊन स्वतः गेटवर आली. सुटीच्या वेळी ती त्या गेटवर पहिल्यांदाच आली होती.

बायकांची रांग लागली. बाहेर पडायचं तर झडती आली, आणि झडती म्हणजे दुपट्टा काढणं आलं. पहिलीने काढला, टेबलावर ठेवला. दुसरीने काढला. बघता बघता टेबलावर जांभळा ढीग झाला आणि सरकून जमिनीवर सांडायला लागला. झडती झालेल्या बायका आपला दुपट्टा कोणता म्हणून ढिगात हात घालत होत्या. “अरे, सब एक जैसे हैं, कोई भी उठा लो,” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. रस्त्यापलीकडे तीन ट्रक उभे होते. एका ट्रकच्या दारात पाय सोडून बसलेला माणूस निवांत बघत होता.

स्वरदा आधी घड्याळ बघत होती. मग रांगेकडे बघायला लागली. मग पडद्याकडे.

सुशीला आत आली. दुपट्टा तिने ढिगात टाकला नाही, नीट घडी घालून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. हात पसरले. वाऱ्याने पडदा हलला, तिने मान खाली घातली. मंगलाने तिच्या खांद्यावर हात ठेवले आणि ते तिथेच राहिले. पुढे सरकेनात.

“क्या हुआ?” सुशीलाने विचारलं.

मंगलाने तिला तसंच पुढे जाऊ दिलं. मग पडदा बाजूला करून ती बाहेर आली.

“मॅडम, फोटोत तुम्ही आहात ना?”

“हो, आहे की.”

“मग तुम्ही पण याच गेटने बाहेर जाणार.”

“हो…” स्वरदाला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं.

“या गेटने जाणाऱ्या प्रत्येक बाईची झडती होते, मॅडम. नियमात तसंच लिहिलंय,” मंगला म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट बारीकच झाला होता. “नको असेल तर मागच्या गेटने जा. मी काही म्हणणार नाही.”

स्वरदाने एकदा ऑफिसच्या इमारतीकडे पाहिलं. मग मोबाईल कॅमेरावाल्याच्या हातात दिला आणि पडद्याआड गेली.

“दुपट्टा काढा.”

तिने काढला. पीन निघेना. मंगलाने पीन काढून दिली.

“हात आडवे करा.”

पडद्याच्या कडेतून रस्ता दिसत होता. ट्रकवरचा माणूस दिसत होता. स्वरदाने डोळे मिटून घेतले. मंगलाने खांद्यापासून सुरुवात केली. दंड, बगल, पाठ, कंबर. जसं रोज करते तसंच, कमी नाही आणि जास्त नाही. ही पोरगी आपल्या मुलीच्या वयाची आहे हे मनात आलं. हिने आपल्याला नेहमी ताई म्हटलं, हेही आलं. पण हात थांबवावेत असं वाटलं नाही, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

“आज डब्यात काय होतं, मॅडम?” तिने पत्र्याकडे बघत विचारलं.

स्वरदाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“झालं,” मंगला म्हणाली.

फोटो निघाला. कंपनीने तो सगळीकडे टाकलाही. एकशे साठ बायका, जांभळा समुद्रच. सगळ्या हसताना दिसतात, कारण फोटो म्हटला की माणूस हसतंच. स्वरदा कडेला उभी आहे. तिचेही ओठ हसताहेत.

सोमवारी सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर मनोहर गेटवर आला. दुसरी गार्ड सोबत घेऊनच.

“मंगलाबाई, तुमची ड्युटी बदलली. उद्यापासून मिसरोदच्या पुढे पाइपांचं गोदाम आहे ना, तिथे.”

“कशासाठी?”

“आता कशासाठी म्हणजे? स्टाफच्या अंगाला हात लावला तुम्ही. गेटच्या कॅमेऱ्यात मॅडम पडद्याआड जाताना दिसून राहिल्या.” मनोहर इकडेतिकडे बघत म्हणाला. “नशीब समजा, काढलं नाही.”

“अकरा वर्षं बायकांच्या अंगाला हातच लावते आहे मी,” मंगला म्हणाली. “तेव्हा कुणाला दिसलं नाही.”

मनोहरने नव्या बाईला पुढे केलं. मंगलाने नोंदवही तिच्याकडे दिली, पानं कशी भरायची ते सांगितलं. “आणि झडती घेताना तोंडाकडे बघू नको त्यांच्या,” एवढं हळूच सांगितलं.

दुपारी स्वरदाचा फोन आला. “ताई, मी तक्रार केली नाही. शपथ. मी स्वतःहून आत गेले, असं लिहूनसुद्धा दिलंय. ते म्हणतात, ठेकेदाराचा विषय आहे.”

“मला माहीत आहे, तुम्ही नाही केली.”

“मी दारासाठी पुन्हा लिहिलंय. यावेळी सोडणार नाही.”

आणि तिने सोडलं नाही, हे खरं. तीन आठवड्यांनी गोदामाच्या फाटकाशी खुर्चीवर बसलेल्या मंगलाच्या मोबाईलवर फोटो आला. पत्र्याच्या चौथ्या बाजूला पांढरं प्लायवूडचं दार लागलं होतं. दारावर जांभळी फीत बांधली होती, आणि जीएम साहेब कात्री घेऊन उभे होते. मागोमाग स्वरदाचा फोन आला.

“आतून कडी आहे का?” मंगलाने पहिल्यांदा तेच विचारलं.

“आहे. मी स्वतः लावून बघितली.” मग स्वरदा म्हणाली, “ताई, एक विचारू? ते दुपट्टे, तो कार्यक्रम, सगळं खोटंच होतं असं तुम्हाला वाटतं ना? पण तो फोटो काढायचा नसता, तर मी त्या गेटवर कधी आलेच नसते. मग दारही झालं नसतं. मला कळतच नाही आता, त्याला काय म्हणावं.”

मंगलाने बराच विचार केला. गोदामात दिवसभर विचारच करायला होता. “मलाही नाही कळत, मॅडम,” ती शेवटी म्हणाली. “पण दुपट्ट्याने पिंकी काही परत आली नाही.”

“पिंकी कोण?” स्वरदाने विचारलं.

मंगलाने डोळे मिटले. अर्जात तिने नाव लिहिलंच नव्हतं. पोरीची अजून बदनामी नको म्हणून. “होती एक लाइनवर,” ती म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी मंगला अशोका गार्डनला गेली. पिंकीचं घर रेल्वेलाइनला लागून होतं. खाली दुकानं होती आणि वर अरुंद जिना. पिंकीने दार उघडलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मंगलाला गलबलून आलं. खोलीत साड्यांचा ढीग होता, मशीन होतं. शेजारच्या दुकानाची फॉल-पिकोची कामं ती घरी करायला लागली होती.

“काकी, बस ना. चहा करते.”

“राहू दे. काम चालू ठेव तू.” मंगला मशीनजवळ जमिनीवर बसली. स्वतःच्या बदलीचं काही न बोलता, सांगायचं होतं तेवढं तिने लगेच सांगून टाकलं. “दार झालं, पिंकी. पक्कं. आतून कडी आहे.”

पिंकीचं पाऊल मशीनवर थांबलं. “अच्छा? चांगलं झालं.” मग पाऊल पुन्हा हलायला लागलं. “बाकीच्यांचं चांगलं झालं.”

“मी अजिंक्यशी बोलू का? तुझ्या दिराशी बोलू?”

“नको, काकी. बोलून झालं सगळं. मीच बोलली, दोनदा बोलली.” ती शिवणावरची नजर न काढता म्हणाली. “दादांना दाराचं काय? त्यांनी जे बघितलं ते तर बघितलंच ना.”

शेजारच्या रुळांवरून गाडी गेली. भांडी थरथरली.

“कोणती गोळी चाललीय आता लाइनवर?” पिंकीने विचारलं.

“ती पिवळी. ॲसिडिटीची.”

“ती सरकते फार. पट्टी हातातून निसटते.” पिंकीच्या उजव्या हाताची बोटं नकळत हलली, पट्टी उचलून पाकिटात सरकवावी तशी. तिचं तिलाच हसू आलं. “माझ्या जागेवर कोण बसतं गं आता?”

पिंकी गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी मंडीदीपचीच एक नवी मुलगी तिथे बसली होती. चलाख होती, पंधरवड्यात हात बसला तिचा.

“कुणी नाही,” मंगला म्हणाली. “रिकामीच आहे.”

पिंकीने तिच्याकडे पाहिलं. खरं-खोटं तिला कळलं असेल, नसेलही. साडीची कड तिने सुईखाली नीट सरळ केली.

“उद्या गेलीस की सगळ्यांना सांग,” ती म्हणाली, “पिंकी विचारत होती म्हणून.”

“सांगते,” मंगला म्हणाली, आणि साडीचं दुसरं टोक जमिनीला लागत होतं ते उचलून हातात धरून बसली.